फ्रॉकचे दोन खिसे

"मॅडम, जास्त बोलणाऱ्यांसाठी तुमच्याकडे काही इलाज आहे का?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मागच्या बाकावरच्या दोघींनी पैज लावली होती, हे मी भर सभागृहात विचारलं तर आठवडाभर माझं दप्तर त्या वाहतील. त्या दिवशी शाळेत लहान मुलांच्या पालकांसाठी व्याख्यान होतं आणि आम्ही नववीच्या मुली खुर्च्या मांडायला आणि पाणी द्यायला होतो. समोर एक स्पीच थेरपिस्ट उभ्या होत्या, म्हणजे मुलांना बोलायला मदत करणाऱ्या मॅडम. मूल बोलायला उशीर करत असेल तर आईवडिलांनी काय करावं, काय करू नये, हे त्या तासभर सांगत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? साठ पालक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मग मी हात वर केला.

आता थोडं माझ्याबद्दल. सातवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की वर्गात बसलेली असून दोनदा माझी गैरहजेरी लागली. आठवीत बाईंनी मला जवळजवळ ढकलूनच वादविवादाला उभं केलं. मी जिंकले, आणि तेव्हापासून जी सुटले ती सुटलेच. वर्गात मला भोंगा म्हणतात. म्हणू देत. मूग गिळून बसणं काय असतं ते माझं पुरेपूर करून झालंय.

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"आहे की इलाज," त्या म्हणाल्या. "आपलं बोलून झालं की मनात पाच आकडे मोजायचे. मोजताना समोरच्याकडे बघायचं. त्याला शब्द पुरवायचा नाही, त्याचं वाक्य पुरं करायचं नाही. नुसती वाट बघायची."

मग पालकांकडे वळून म्हणाल्या, ही तर मोठी झाली, हा इलाज खरा तुमच्यासाठी आहे. मुलाला विचारतो 'पाणी हवंय का?' आणि त्यानं तोंड उघडायच्या आत पेला त्याच्या हातात कोंबतो. ते बोलणार कधी?

मागच्या दोघी खुदखुदत होत्या. मला हसू आलं नाही. आमच्या घरात पेला कोंबणारी मीच होते.

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही बटण म्हणतो. ती झाली तेव्हा बाबांनी तिचा चेहरा बघून सांगितलं होतं, आपल्या पंचिंग मशीनच्या हिरव्या बटणाएवढी आहे. आमचा खोक्यांचा कारखाना आहे. खाली कारखाना, वर घर. पुठ्ठ्याचे मोठे ताव येतात, पंचिंग मशीन त्यांना धाडधाड घड्या आणि खाचा पाडतं, आई आणि दोन मावश्या खळ लावतात आणि शेवटी एक मशीन तारेच्या पिना मारून खोकं पक्कं करतं. आवाज असा की समोरच्याच्या कानात ओरडलात तरी त्याला फक्त तुमचा श्वास कळतो. म्हणून आमच्या कारखान्यात सगळे हातांनी बोलतात. मूठ तळहातावर दोनदा आपटली की आणखी ताव आणा. दोन बोटांची कात्री केली की गठ्ठ्याची पट्टी कापा. अंगठा ओठाला लावला की चहा. चिमटीत काहीतरी धरून हवेत झटकलं की पिन लागली. पिना सगळ्यांनाच लागतात. आणि नसलेली मिशी पिळली की सावध व्हा, मालक येतायत. मालक म्हणजे बाबा. ही खूण पंचिंगवरच्या मामांनी काढली आणि बाबांना ती दहा वर्षं कळलीच नव्हती.

बटण या सगळ्यात वाढली. जिन्याखालच्या एका जाड खोक्यात तिची गादी असायची. रांगायच्या आधी तिला 'चहा' यायचा. मामा तिचे गुरू. ते कोणाचेच सख्खे मामा नाहीत, पण वीस वर्षं त्या मशीनवर आहेत आणि बटणशी त्यांच्या गप्पा इतक्या रंगायच्या की आई म्हणायची, या दोघांना वेगळं बसवा.

साडेतीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडात शब्द होते आठ. त्यातले तीन आम्हालाच कळायचे. आईनं दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा आत्यानं तो बुडवला. आत्या बाबांची मोठी बहीण, शेजारच्या गल्लीत राहते आणि आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असतो. ती बाबांकडे बोट दाखवून म्हणायची, "आमचा हासुद्धा पाच वर्षांचा होईपर्यंत घुमा होता. आता गिऱ्हाइकाला तोंड उघडू देतो का?" बाबा मान डोलवायचे. विषय संपायचा.

व्याख्यान झाल्यावर मी खुर्च्या उचलायच्या सोडून मॅडमना गाठलं. सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पाच आकडे मोजले असणार, कारण माझा दम संपल्यावरही त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आधी कान तपासून घ्या. मग आई किंवा बाबा कोणीतरी एक जण तिला घेऊन या. काही नसेल तर तसं सांगून परत पाठवीन. थांबून बघू, थांबून बघू करण्यात मात्र दिवस जातात आणि ते परत मिळत नाहीत." आणि एक पत्रक दिलं.

घरी बाबांनी ते पत्रक वाचलं नाही. कान कशाला तपासायचे, म्हणाले, वरच्या मजल्यावर बिस्किटाचा पुडा फोडला तर ही खालून पळत येते. मी सांगितलं की पुड्याचा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले सगळे बारीक आवाज ऐकू येणं वेगळं, मॅडमनी तसं सांगितलंय. बाबा म्हणाले, तुझ्या मॅडमना आमचं घोडं कुठे अडलंय ते माहीत नाही, चार दिवसांत मोठी ऑर्डर द्यायचीय.

ठीक आहे. दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी मी ते पत्रक मशीनच्या स्विचबोर्डवर खळ लावून चिकटवलं. आमची खळ म्हणजे आमची खळ. ती निघत नाही. मशीन चालू करायला बाबांना रोज त्या पत्रकाच्या नाकासमोर उभं राहावं लागायचं. तीन दिवस त्यांनी ते दिसत नसल्यासारखं केलं. चौथ्या दिवशी जेवताना आईला म्हणाले, कान तपासायला काय हरकत आहे. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण माझ्या ताटात एक पोळी जास्त पडली.

कान चांगले निघाले. मग गुरुवारी आई, बटण आणि मी मॅडमकडे गेलो.

मला वाटलं होतं तिथे आरसा असेल, जिभेचे व्यायाम असतील, 'अ' म्हण, 'ब' म्हण असेल. आरसा होता, पण मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. आईलाही त्यांनी जमिनीवर बसवलं. आई म्हणत होती, मी बाहेर थांबते, तुम्ही तुमचं करा. मॅडम म्हणाल्या की आठवड्यातला एक तास ती माझ्याकडे असेल आणि बाकी सगळा वेळ तुमच्याकडे; तेव्हा शिकायचंय तुम्हाला, मी काय करते ते बघायला आत बसा.

मग त्यांनी एक पारदर्शक बरणी काढली. आत चावीचा बेडूक. झाकण घट्ट. बरणी बटणच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. बटणनं झाकण ओढलं, दातांनी चावलं, बरणी आपटली. आईचा हात लगेच पुढे. मॅडमनी तिच्या मनगटाला हळूच हात लावला. एक, दोन, तीन. मला तर घाम फुटला. मोजणं सोपं वाटतं, पण आपल्या माणसाला अडलेलं बघत मोजून दाखवा. चार. बटणनं मॅडमकडे बघितलं आणि दोन बोटांची कात्री केली.

"हे काय म्हणाली ती?" मॅडमनी विचारलं.

आई खाली बघायला लागली. मीच सांगितलं, आमच्याकडे ही खूण म्हणजे पट्टी काप. उघड.

मॅडमनी तीच कात्री आपल्या बोटांनी केली, म्हणाल्या, "उघड," आणि झाकण उघडलं. बेडूक खोलीभर उडत सुटला. बटण अशी हसली की बाहेर बसलेलं कोणाचं तरी बाळही हसलं. झाकण परत लागलं. परत कात्री, परत "उघड", परत बेडूक. अकरा वेळा. तिला कोणी एकदाही 'म्हण ना, उघड म्हण' असं म्हटलं नाही.

शेवटी मॅडमनी आम्हाला तिच्या सगळ्या खुणा विचारून वहीत लिहून घेतल्या. मग वही बंद करून म्हणाल्या की तुम्ही मला सांगितलंत हिला आठ शब्द येतात. आठ तोंडाचे. हाताचे तेवीस आहेत. म्हणजे सांगायचं हिला भरपूर आहे.

तेव्हा आईनं तो प्रश्न विचारला. मला वाटतं तो तिनं कितीतरी महिने गिळून ठेवला होता. "हातांनी भागतं म्हणून जीभ आळशी झाली का हो? आमच्यामुळे झालं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यामुळे झालेलं नाही. आणि हात काढून घेतले तर शब्द येत नाहीत, मूल फक्त मागणं सोडतं. तिनं हात केला की तुम्ही त्यासोबत शब्द म्हणा. पाणी देताना, कपडे घालताना, जिना चढताना. हे काय, ते काय, अशी परीक्षा घेऊ नका. ती बघतेय त्याचं नाव घ्या आणि थांबा."

किती दिवस लागतील, हेही आईनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तारीख सांगणारा कोणी भेटला तर तिथून उठून या.

परतीच्या रस्त्यावर आईनं प्रत्येक दिव्याच्या खांबाला 'खांब' म्हटलं. लोक वळून बघत होते. माझी आई, जी दुकानदाराशीसुद्धा माझ्यामार्फत बोलते.

घोळ इथून पुढे झाला. पाच आठवड्यांनी बटणची बालवाडीची मुलाखत होती. बाबांना तीच शाळा हवी होती, माझी. त्यांच्या मते मॅडमकडे पाठवणं म्हणजे मशीन मिस्त्रीकडे देणं: उघडेल, तेल देईल, चालू करून परत देईल. ते दोनदा आम्हाला सोडायला आले आणि दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर फोन बघत बसले. दर गुरुवारी एकच प्रश्न, आज काय बोलली? आई सांगायची, आज बुडबुडे उडवले. आज पाण्यात चमचे बुडवले. आज बेडूक. बाबांचा चेहरा लांब होत जायचा. मी सांगायचे की आता ती माझ्याकडे बघून खूण करते, आधी नुसती हवेत करायची. आता खूण करताना ओठ हलतात. बाबा म्हणायचे, ओठ हलले म्हणून प्रवेश मिळतो का?

चौथ्या गुरुवारनंतर आत्या आली. तिनं अर्धा तास बघितलं. बटणनं चहा मागितला अंगठ्यानं, आईनं "चहा" म्हटलं आणि दुधाचा पेला दिला; तिचा चहा म्हणजे दूधच. आत्यानं कपाळावर हात मारला. कान चांगले, जीभ चांगली, मग राहिलं काय? हे हात. "मुलाखतीत बापाचं नाव विचारलं तर ही काय करेल? मिशी पिळेल? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

त्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मशीन बंद करून सांगितलं की आजपासून हात बंद. बटणसमोर कोणीही खूण करायची नाही. तिनं केली तर कोणी बघायचं नाही. तोंडानं मागेल तेव्हाच मिळेल. आणि गुरुवार मुलाखतीपर्यंत बंद; बुडबुडे नंतर उडवू.

मी म्हणाले की मॅडमनी याच्या बरोबर उलटं सांगितलंय. बाबा म्हणाले, मॅडमना मुलाखत द्यायची नाहीये.

मी आईकडे बघितलं. आई पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवत होती.

पुढचे दिवस कारखान्यात नुसता तमाशा. बटण खालीच असायची, त्यामुळे कोणाला काही सांगायचं तर मशीन थांबवावं लागायचं. ताव संपले, मशीन बंद. "ताव संपले." मशीन चालू. पट्टी कापायची, मशीन बंद. एका सकाळी मी मोजलं, नऊ वेळा. मावश्या वैतागल्या. मामांनी तर हात पाठीमागे बांधूनच घेतले. ते चहाला वर यायचे बंद झाले. मी विचारायला गेले तर म्हणाले, "मीच बिघडवलं तिला, भोंगाबाई." ज्या माणसानं तिला पहिला शब्द दिला तो माझ्यासमोर असं म्हणत होता. मी त्यांना मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण बाबा मालक आहेत.

शनिवारी मी शाळा सुटल्यावर एकटीच मॅडमकडे गेले. म्हटलं, तुम्ही बाबांना फोन करा. किंवा मी तिला घेऊन येते, कोणाला कळणार नाही. मॅडम म्हणाल्या की तुझ्या बाबांना मी फोन करीन, पण त्यांच्या पाठीमागे काही करणार नाही. तसं केलं तर ते पुन्हा कधी आत येऊन बसणार नाहीत आणि नुकसान बटणचं होईल. मला राग आला. दार आपटूनच बाहेर पडले असते, पण ते आपोआप हळू बंद होणारं दार होतं.

त्यांनी फोन केला. बाबा अदबीनं बोलले आणि त्यांनी काहीही बदललं नाही.

मग आला फ्रॉक. मुलाखतीसाठी आईनं शिवला, निळा, आणि आत्याच्या सांगण्यावरून पुढे दोन मोठे खिसे लावले. कल्पना अशी की बटणला सवय लावायची, कोणी काही विचारलं की हात खिशात. हात खिशात, तोंड मोकळं. रंगीत तालीम म्हणून तिला तो फ्रॉक रोज घालायला लागले. हात बाहेर आला की बाबा नुसतं म्हणायचे, "खिसा." आरडाओरडा नाही, मार नाही. बाबा तसे नाहीतच. पण दोन-तीन दिवसांत ती 'खिसा' न म्हणताच हात आत घालायला लागली. आत्या म्हणाली, बघा, शिकली की नाही.

शिकली खरी. आठ शब्दांतले सहा राहिले, मग चार. मी वहीत लिहून ठेवत होते, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. पाण्याचा 'पा' गेला. बॉलचा 'बॉ' गेला. ती कोणाला काही मागतच नव्हती. आत्याला वाटलं शहाणी झाली.

मुलाखत सोमवारी होती. आधीच्या शनिवारी मी दुपारी घरी आले तर बटण जिन्याखालच्या खोक्यात बसली होती. आता ते खोकं तिला पुरत नाही, गुडघे वर येतात. दोन्ही हात खिशात. चेहरा लाल, सुजलेला, गालांवर ओघळ वाळलेले, पण आवाज नाही. मी म्हटलं, काय झालं गं? आणि सवयीनं मोजायला लागले. एक, दोन, तीन. तिनं माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या खिशाकडे.

निळ्या कापडावर एक गडद ठिपका होता, रुपयाएवढा.

मी हात बाहेर काढला. मधल्या बोटाच्या पेरात तारेची पिन आरपार नव्हती, पण चांगली रुतली होती. मी ती काढली, बोट नळाखाली धरलं, औषध लावलं, पट्टी बांधली. मामा धावत आले. ते म्हणाले की त्यांनी जेवणानंतरचा चहा घेतला तेव्हापासून ती तशीच बसलेली त्यांना दिसत होती, त्यांना वाटलं रुसलीय. म्हणजे तासभर. दहा पावलांवर आई खळ लावत होती. मशीन चालू होतं. ती रडली असेल तर ते रडणं कोणाच्या कानापर्यंत पोचलंच नसेल.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न. विचारताक्षणी कळलं.

बटणनं आधी बाबांच्या टेबलाकडे बघितलं. बाबा माल पोचवायला गेले होते, टेबल रिकामं होतं. मग तिनं उजवा हात खिशातून काढला, चिमटी केली आणि हवेत झटकली. पिन. अगदी बरोबर, मामांनी शिकवली तशी. आणि कोणी बघायच्या आत हात परत खिशात घातला.

मामा तिथेच पायरीवर बसले.

बाबा संध्याकाळी आले तोवर मी आईच्या शिवणाच्या डब्यातून टाके उसवायची सुई काढून काम उरकलं होतं. आई बघत होती. तिनं मला थांबवलं नाही. उलट शेवटचा कोपरा निघेना तेव्हा तिनंच कापड ताणून धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप त्या निळ्या कापडावर.

बाबा जेवायला बसले. मी त्यांच्या ताटाशेजारी दोन खिसे ठेवले. एकावर ठिपका होता. आणि पिन ठेवली.

आईनं सगळं सांगितलं. माझ्यामार्फत नाही, स्वतः, पहिल्यापासून, न अडखळता. बाबांचा घास हातात राहिला. त्यांनी बटणचं बोट बघितलं. मग ठिपक्याचा खिसा हातात घेतला.

"मला शाळेत पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसवलं," ते म्हणाले. "हा बोलत नाही म्हणून. चार वर्षं तिथेच होतो. मुका म्हणायचे. ताई सांगते ना, पाच वर्षांचा झाल्यावर बोलायला लागलो. बोलायला लागलो, पण बाक बदलला नाही. हिचं तसं होऊ नये एवढंच..."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना गप्प करणाऱ्या या माणसाला मी पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडताना बघितलं. माझ्या जिभेवर ते वाक्य पुरं करायला चार शब्द तयार होते. मी ते गिळले. मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच.

बटणनं आईच्या मांडीवरून बाबांकडे बघितलं, पट्टी बांधलेला हात वर केला आणि हळूच मिशी पिळली. ओठ हलले. आवाज आला, अगदी बारीक. "बा."

तो नववा शब्द होता की नाही यावरून आत्या उद्या वाद घालेल. घालू दे. मला तेवढ्यावर काही सोडायचं नव्हतं, कारण तो आला नसता तरी मी हेच म्हणणार होते. मी उभी राहिले. वादविवादात उभी राहते तशी, पण हात पाठीमागे न बांधता.

"बाबा, आई, ऐका. सोमवारी मी वर्गात जाणार नाही, मुलाखतीला येणार. बटण हात मोकळे ठेवून बसेल. तिला बाबांचं नाव विचारलं आणि तिनं मिशी पिळली तर मी सांगेन की हे बरोबर उत्तर आहे, आणि बाकीच्या बावीस खुणांचा अर्थही सांगेन. माझ्या शाळेला हे चालत नसेल तर आपण दुसरी शाळा शोधू. शेवटच्या बाकावर बसवणारी शाळा आपल्याला नकोच आहे. आणि गुरुवार 'नंतर बघू' नाही, याच गुरुवारपासून सुरू. बाबा, या वेळी तुम्ही आत बसायचं. जमिनीवर. मिस्त्रीकडे मशीन टाकून बाहेर थांबायचं नाही. तुम्ही नाही आलात तर आई येईल. आणि कारखान्यात उद्या सकाळी मशीन चालू करायच्या आधी मामांना तुम्ही स्वतः सांगायचं की हात सुरू करा. मी विचारत नाहीये. ठरलंय ते सांगतेय."